डोंगरीचे १०१ दिवस आणि पुढची तेरा वर्षं

मागच्या शनिवारी लॅपटॉप दुरुस्तीला टाकायला येरवड्याला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, दोन तासांनी या. दोन तास काय करायचं? मॉलमध्ये जायचा कंटाळा आला होता आणि उन्हात उभं राहण्यात अर्थ नव्हता, म्हणून डेक्कन कॉलेजात शिरलो. इतकी वर्षं पुण्यात काढली, पण आत कधी गेलो नव्हतो. दगडी इमारत, जुनी झाडं आणि शांतता. येरवड्यात इतकी शांतता शिल्लक आहे हे ठाऊकच नव्हतं. तिथे टिळकांची खोली जपून ठेवली आहे. विद्यार्थी असताना ते राहायचे ती.

त्या खोलीसमोर उभं राहून मला स्वातंत्र्यलढा वगैरे काहीच आठवलं नाही. आठवली आमची हॉस्टेलची खोली. दोन लोखंडी खाटा, मध्ये वाळत घातलेले टॉवेल आणि रात्री तीन वाजता चाललेली न संपणारी बडबड. जगात काय काय चुकलंय आणि ते आम्ही दोघं कसं दुरुस्त करणार आहोत, हा विषय :)

ती बडबड ज्याच्याबरोबर चालायची, त्याच्याशी मी गेली दोन वर्षं बोललेलो नाही. ते पुढे सांगतो.

आपण सगळ्यांनी शाळेत एक प्रश्न हमखास लिहिलाय: टिळक आणि आगरकर यांच्यातील मतभेद स्पष्ट करा. उत्तर पाठ असायचं. टिळक म्हणाले आधी राजकीय स्वातंत्र्य, आगरकर म्हणाले आधी सामाजिक सुधारणा. पाच पैकी चार मार्क खिशात. त्यात चूक काहीच नाही. पण आता नोकरीत काही वर्षं काढल्यावर, एकदा मित्राबरोबर धंदा करून तोंड पोळल्यावर, ती गोष्ट परत वाचली तर ती वेगळीच दिसते. निदान मला तरी दिसली. दुकानदाराने दोन तासांचे तीन दिवस केले, तेवढ्यात बरंच वाचून झालं.

तर सुरुवातीपासून.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. टिळकांचा २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. नऊ दिवसांचं अंतर. टिळकांच्या घरी शिक्षणाची परंपरा होती, वडील शिक्षण खात्यात होते. आगरकरांकडे गरिबी अशी की एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. दोघं डेक्कन कॉलेजात भेटले. एक एलएलबीच्या अभ्यासाला लागलेला, दुसरा एमएच्या. पदवी झाल्यावर सरकारी नोकरी करायची नाही, आपल्या लोकांसाठी शाळा काढायची, असं दोघांनी तिथेच ठरवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर कॅम्पसमध्ये ऑफर असताना ती नाकारून स्टार्टअप काढायचं. आगरकरांनी आईला कळवलं होतं की मुलगा एमए होऊन मोठ्या पगारावर जाईल ही आशा सोड, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानणार आहे. ज्या आईने कसं शिकवलं असेल ते आपल्याला माहीत आहे, तिला हे कळवायचं! मला तर अमेरिकेचं ऑनसाइट नाकारल्याचं घरी सांगायला दोन आठवडे लागले होते.

त्याच वेळी विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून पुण्यात आले होते. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. चिपळूणकर तिशीच्या आत, टिळक तेवीस वर्षांचे, बरोबर माधवराव नामजोशी. आगरकर एमएच्या परीक्षेत अडकलेले होते, ते वर्षभराने आले. वामन शिवराम आपटेही आले, ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश अजून वापरला जातो ते. पुढच्याच जानेवारीत, म्हणजे १८८१ मध्ये, 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन वर्तमानपत्रं निघाली. मराठी 'केसरी' आगरकरांकडे, इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे. हो, केसरीचे पहिले संपादक आगरकर. हे अजूनही काही लोकांना सांगितलं की ते आपल्याकडे संशयाने बघतात.

शाळा, दोन वर्तमानपत्रं, छापखाना, आणि सगळ्यांची वयं पंचविशीच्या आसपास. मग पहिला फटका बसला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, अशा अर्थाचा मजकूर दोन्ही पत्रांत छापून आला. ज्या पत्रांच्या आधारावर तो छापला, ती कोर्टात बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. जामिनाची रक्कम उभी करायला जोतीराव फुल्यांनी मदत केली, त्यांच्या ओळखीचे रामशेठ उरवणे पुढे आले. (फुले आणि ही मंडळी यांच्यातलं वैर बघता हा एक वेगळाच लेख होईल. कधीतरी.) खटला चालू असतानाच, मार्च १८८२ मध्ये विष्णुशास्त्री गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. जुलैमध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांची रवानगी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात झाली.

प्रत्यक्षात १०१ दिवस काढावे लागले. दोघं एकत्र. टिळकांना सव्विसावं वर्ष पूर्ण झालं ते तिथेच. सुटल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'. ते नक्की वाचा. तुरुंगाचं वर्णन म्हटल्यावर आपण जे धरून चालतो तसं ते अजिबात नाही. जेवण वाईट, ढेकूण, जागा लहान, हे सगळं आहे. पण मुख्य म्हणजे दोघांच्या गप्पा आहेत. रात्र रात्र वाद. आवाज इतका चढायचा की पहारेकऱ्यांनी येऊन गप्प करावं. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं 'विकारविलसित' हे भाषांतर आगरकरांनी याच काळात हातात घेतलेलं.

पुस्तकाच्या नावातला 'आमचे' हा शब्द मला फार आवडतो. आगरकरांनी 'माझे' लिहिलं नाही.

इथपर्यंतची मैत्री आपल्याला कळते. हॉस्टेलची मैत्री ती हीच. जागा लहान, पैसे नाहीत, वेळ अमाप, आणि आपल्यावर अन्याय झालाय ही गोड भावना. अशी मैत्री करावी लागत नाही, ती होते. दोन माणसांना एका खोलीत कोंडलं आणि दोघांना वाद घालायला आवडत असलं की पुरे.

२६ ऑक्टोबर १८८२ ला दोघं सुटले. मोठं स्वागत झालं. शाळा जोरात चालली होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. संस्था मोठी झाली म्हणजे नियम आले, आजीव सदस्य आले, बैठका आल्या, ठराव आले, मतदान आलं. आणि इथून आपल्या पाठ्यपुस्तकाने थोडा शॉर्टकट घेतला आहे असं मला वाटतं.

वैचारिक भांडण खरंच मोठं होतं. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं प्रसिद्ध केली, त्यावरून महाराष्ट्र पेटला. मग रखमाबाईंचा खटला. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला एका मुलीने नकार दिला, कोर्टाने तिला जा नाहीतर तुरुंगात जा सांगितलं. आगरकरांना या विषयांवर केसरीत लिहायचं होतं ते सहकाऱ्यांना मान्य नव्हतं. म्हणजे संपादकाच्या स्वतःच्याच पत्रात संपादकाचं मत चालेना. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी केसरी सोडला आणि वर्षभराने स्वतःचा 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले. मग दोन मित्र दोन पत्रांतून एकमेकांवर तुटून पडले. लिहिणारे दोघेही पट्टीचे, एकमेकांच्या वर्मस्थानांची माहिती दोघांनाही, त्यामुळे घाव नेमके बसायचे. सनातनी मंडळींनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली तीही याच पुण्यात. संमतिवयाचा कायदा (मुलीचं संमतिवय दहावरून बारा) १८९१ मध्ये आला तोवर दोघं पूर्ण विरुद्ध टोकाला होते.

आता माझा प्रश्न असा. डोंगरीत हे वाद नव्हते का? होते की. आगरकर तेव्हाही आगरकरच होते, मिल आणि स्पेन्सर वाचलेले. टिळक तेव्हाही टिळकच. मतभेद १८८२ मध्ये रात्रीच्या गप्पांचा विषय होते, १८८७ मध्ये तेच असह्य का झाले?

कारण मध्ये संस्था आली. आणि पैसे आले, किंवा खरं तर आले नाहीत.

सोसायटीची कल्पना अशी की आजीव सदस्यांनी पोटापुरतं वेतन घ्यायचं आणि सगळा वेळ संस्थेला द्यायचा. पुढे हे वेतन महिना ७५ रुपये होतं. टिळकांच्या मनात नमुना होता जेसुइट पाद्र्यांचा. बाहेरचं काम नको, बाहेरची मिळकत नको. आगरकरांना हा त्याग कोणी शिकवायची गरज नव्हती, त्यांनी तर आईलाही कळवलेलं. पण विशीतला त्याग वेगळा आणि तिशीतला वेगळा. विशीत आपण एकटे असतो. तिशीत घरी बायकापोरं असतात, दम्याचं औषध असतं (आगरकरांना दमा होता). वेतनवाढ मागणं, बाहेर चार पैसे मिळवणं, हा तत्त्वाशी द्रोह की साधी गरज? यावर बैठकांत वर्षानुवर्षं भांडण चाललं. होळकरांकडून आलेल्या रकमेवरून वाद झाला. शेवटी १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, ते बाहेरचं काम मोजायचं की नाही यावरून भडका उडाला, आणि वर्षाअखेर टिळक सोसायटीतून बाहेर पडले. लांबलचक राजीनामा लिहिला. काय काय कधी बिघडलं याचा सगळा पाढा त्यात आहे. ज्याने कधी रात्री दोन वाजता जुन्या मित्राला मुद्देसूद ईमेल लिहिलंय त्याला हा राजीनामा ओळखीचा वाटेल. मला वाटला. माझ्या ईमेलला तर उपमुद्देही होते.

तर आमचंही तेच. शेवटच्या वर्षाला आम्ही दोघांनी एक अ‍ॅप बनवलं. नोकरी लागल्यावर शनिवार-रविवार त्यावर काम करायचो. मग थोडे पैसे येऊ लागले. आता त्याच्या घरी अडचण होती, वडिलांचा धंदा बसलेला, म्हणून तो बाहेरची छोटी कामं घ्यायला लागला. मी म्हटलं, अरे आपलं ठरलं होतं ना, शनिवार-रविवार फक्त ह्याला. तो म्हणाला, तुझ्या घरी दोन पगार येतात म्हणून तुला ठरलेलं आठवतं. या वाक्यावर मी उत्तर द्यायला हवं होतं की हो, खरंय. त्याऐवजी मी ईमेल लिहिलं.

असो.

टिळकांच्या जागी गणित शिकवायला फर्ग्युसनमध्ये माणूस हवा होता. गोखल्यांनी आपल्या जुन्या वर्गमित्राला बोलावलं. १८९१ मध्ये मुंबई सोडून पुण्याला आलेला हा वर्गमित्र म्हणजे धोंडो केशव कर्वे. म्हणजे एक मैत्री तुटली त्या रिकाम्या खुर्चीत दुसऱ्या मैत्रीने महर्षी कर्व्यांना आणून बसवलं. आणि १८९३ मध्ये कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या विधवा बहिणीशी. मित्रांच्या जाळ्याने इतिहास कसा हलतो यावर कोणीतरी नीट अभ्यास करायला हवा. माझ्यासारख्याने शनिवारी दुपारी बसून करण्याचं काम नाही ते.

आपट्यांनंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तीन वर्षांत, १७ जून १८९५ ला ते गेले. एकोणचाळीसही पूर्ण नव्हती. आपल्या अंत्यविधीसाठी वीस रुपये पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगितलं जातं. त्यांच्यावरचा मृत्युलेख केसरीत टिळकांनी लिहिला.

त्या लेखाबद्दल आणि तो लिहिताना टिळकांची अवस्था काय झाली त्याबद्दल बऱ्याच हकिकती आहेत. मला त्यातली कुठलीच लागत नाही. मला एवढंच दिसतं की वय वर्षं अडतीस, केसरी आपल्या मालकीचा, समोर कोरा कागद, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो या केसरीचा पहिला संपादक. आठ वर्षं त्याच्याविरुद्ध लिहिलंय. आता त्याच्याबद्दल लिहायचं, आणि वाचायला तो नाही.

बहुतेक लोक गोष्ट इथे संपवतात. पण टिळकांची गोष्ट त्यानंतर पंचवीस वर्षं चालली, आणि मला कुतूहल याचं होतं की जिवलग मित्र असा गमावलेला माणूस पुढे मित्र करतो का, आणि कसे करतो. म्हणजे थोडक्यात, आपल्याला काही चान्स आहे का.

पहिली गोष्ट बाबा महाराजांची. वासुदेव हरिहर पंडित, पुण्याचे पहिल्या दर्जाचे सरदार. ना टिळकांच्या वर्गातले, ना संस्थेतले. ऑगस्ट १८९७ चा प्रसंग. राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात टिळक नुकतेच जामिनावर सुटले होते. (जामिनासाठी कोर्टात बाजू मांडणारे बॅरिस्टर दिनशॉ दावर. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायमूर्तीही दावरच. ओळख आणि मैत्री यांतला फरक समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.) टिळक पुण्यात पोचले तर बाबा महाराज पटकीने मरणपंथाला लागलेले. त्यांनी मृत्युपत्र केलं आणि मालमत्तेच्या विश्वस्तांत टिळकांचं नाव घातलं. ७ ऑगस्टला ते गेले. स्वतः तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने, पुढच्या महिन्यात शिक्षा होणार हे जवळजवळ दिसत असताना, नाही म्हणायला काय हरकत होती? कोणी दोष दिला नसता. टिळक हो म्हणाले.

मग काय झालं ते 'ताई महाराज प्रकरण' म्हणून प्रसिद्ध आहे. मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा जगला नाही, म्हणून दत्तक घ्यायचं ठरलं. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला. बाबा महाराजांच्या तरुण विधवा पत्नी ताई महाराज यांनी नंतर तो दत्तक नाकारला आणि कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा घेतला. कोर्ट सुरू. टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला, १९०३ मध्ये दीड वर्षाची शिक्षा, अपिलात ती सहा महिन्यांवर, आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टात निर्दोष. दिवाणी दावा पुढे चालूच. मध्ये मंडालेची सहा वर्षं. शेवटी १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. १८९७ ते १९१५. मेलेल्या मित्राला दिलेल्या एका होकारासाठी अठरा वर्षं. ताई महाराजांच्या बाजूने बघितलं तर ही गोष्ट वेगळी दिसते हेही खरं. एका तरुण विधवेला स्वतःच्या घरात कोण दत्तक यावं हे ठरवू न देणं, यावर सुधारकाच्या संपादकाने काय लिहिलं असतं याचा मी विचार करत बसलो होतो. पण तो १८९५ लाच गेला होता.

दुसरी गोष्ट दादासाहेब खापर्ड्यांची. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, अमरावतीचे बडे वकील, टिळकांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. ही दोस्ती कॉलेजातली नव्हे, दोघंही संसारात, कामात, नावारूपाला आल्यावरची. स्वभाव पूर्ण वेगळे. खापर्डे खुशालचेंडू, विनोदी, ऐसपैस राहणारे, घर पाहुण्यांनी भरलेलं. रोजची दैनंदिनी लिहायचे. बाबा महाराजांच्या विश्वस्तांत खापर्डेही होते, त्यामुळे औरंगाबादच्या दत्तकापासून ते या लफड्यात टिळकांबरोबर. आणि १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला पाठवल्यावर खापर्डे काय करतात? चालती वकिली मागे सोडून, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी बोटीने लंडनला जातात, टिळकांचं अपील लढवायला. दोन वर्षं तिथे राहिले. टिळक काही सुटले नाहीत. खापर्डे १९१० मध्ये परत आले तेव्हा वकिलीची घडी पार विस्कटली होती.

मी कागदावर मांडून पाहिलं. (इंजिनिअर आहे, सवय जात नाही.) आगरकर आणि टिळक: एक गाव, एक संस्था, एक तिजोरी, रोजची बैठक. खापर्डे आणि टिळक: एक पुण्यात, एक अमरावतीत, पगाराचा संबंध नाही, वर्षातून काही वेळा भेट, पण गरज लागली की बोट पकडायची. आता यावरून 'मित्राबरोबर धंदा करू नये' हा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटलेत आणि तो मला पटत नाही. त्या दहा वर्षांच्या एकत्र धंद्यातून न्यू इंग्लिश स्कूल, केसरी आणि फर्ग्युसन आलं. खापर्ड्यांच्या मैत्रीतून अशी एकही इमारत उभी राहिली नाही. मला खटकतं ते दुसरंच. खापर्ड्यांच्या वेळेला टिळकांना आपला मित्र आपल्यासारखा असायला हवा असं वाटत नव्हतं. ऐषआरामी खापर्ड्यांना त्यांनी जेसुइट व्हायला सांगितल्याचं काही मला सापडलं नाही. हा अवकाश आगरकरांच्या वाट्याला आला असता तर? पंचेचाळिशीतले टिळक आणि पंचेचाळिशीतले आगरकर पुन्हा भेटले असते तर? पण आगरकरांना पंचेचाळिशी मिळालीच नाही.

लॅपटॉप मंगळवारी मिळाला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये ते ईमेल होतं, ते काढून परत वाचलं. एकूण अकराशे शब्द. त्यात 'आपण' हा शब्द पहिल्या परिच्छेदात चार वेळा आहे आणि नंतर एकदाही नाही.

बुधवारी त्याला मेसेज टाकला. फार काही नाही, 'शनिवारी सांगलीला येतोय, घरी आहेस का' इतकंच. सांगलीला माझं दुसरं काहीच काम नाही हे त्याला कळणारच आहे. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही. तिकीट काढलंय, शुक्रवार रात्रीची बस, स्वारगेटहून. त्यामुळे पुढच्या शनिवारी इथे काही लिहिलं जाणार नाही.